मूकपटाला रंगमंचावरून संगीतसाथ : सांगली-मिरजेच्या वादकांसाठी

पडद्यावर मूकपट चालू असताना त्याच्या शेजारी बसून, त्याच्यासाठीच नव्याने रचलेले संगीत प्रत्यक्ष वाजवणे ही कला आपल्या भागात रुजावी असे मला मनापासून वाटते, आणि ती रुजण्यासाठी सांगली-मिरजेइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी क्वचितच असेल. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले तेव्हापासून या गावाला रंगमंचाची सवय आहे. संगीत नाटकाच्या साथीला बसलेले ऑर्गनवादक आणि तबलजी अजून घराघरांत सापडतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे-सतारी घडवणारे कारागीर आहेत. आणि बाबूराव पेंटरांनी १९२० नंतरच्या दशकात जेथे मूकपट काढले ते कोल्हापूर शेजारीच आहे. चार-पाच वादकांचा संच, एखादा छोटा मूकपट आणि दोन-तीन महिन्यांची तयारी एवढ्यावर पहिला खेळ उभा राहू शकतो. तो कसा उभा करावा, हे पुढे सविस्तर लिहिले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. आपण येथे मैफल करत नसून साथ करत आहोत, आणि मुख्य कलाकार पडदा आहे. गवयाची साथ करताना तबलजी त्याच्या तोंडाकडे पाहतो, गवईही त्याला सावरून घेतो, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दोघे एकत्र येतात. पडदा मात्र आपल्याकडे कधीच पाहत नाही आणि आपल्यासाठी क्षणभरही थांबत नाही. ख्यालाच्या तालमीत वाढलेल्या वादकाला हे जड जाते, कारण सुराचा विस्तार करत, हळूहळू रंग भरत जाण्याची त्याच्या हाताला सवय असते आणि श्रोत्यांकडून दाद आली की तो आणखी एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, घेतो. मूकपटात ते एक आवर्तन संपेपर्यंत नायक दाराबाहेर गेलेला असतो. म्हणून या कामात विस्तारापेक्षा आटोपशीरपणाची आणि वेळेवर थांबण्याची तयारी अधिक करावी लागते.

चित्रपट आणि त्याची प्रत

पहिल्या खेळासाठी मोठा चित्रपट घेऊ नये. दादासाहेब फाळक्यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ हा आपल्याकडच्या प्रेक्षकांसाठी उत्तम आहे. कथा सर्वांना ठाऊक, बाळकृष्णाच्या भूमिकेत फाळक्यांची कन्या मंदाकिनी, आणि सुदैवाने त्याचा बराचसा भाग शिल्लक आहे. मूकपटांच्या काळात भारतात तेराशेच्या आसपास चित्रपट तयार झाले, त्यांतले फारच थोडे उरले. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचेही बहुतेक काम नष्ट झाले आहे. त्यामुळे जे उरले आहे ते वाजवत ठेवणे याला मी नुसत्या करमणुकीपेक्षा अधिक मोल देतो. परदेशी चित्रपटांपैकी घ्यायचा झाल्यास बस्टर कीटनचा १९२० सालचा ‘वन वीक’ हा दोन रिळांचा विनोदी चित्रपट नव्या संचाला झेपतो आणि त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

हक्कांचा प्रश्न थोडक्यात सांगतो. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरचा स्वामित्वहक्क, तो प्रकाशित झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे वरील दोन्ही चित्रपट मूळ रूपात केव्हाच मोकळे झाले आहेत. तथापि एखाद्या संस्थेने नव्याने दुरुस्त केलेली प्रत, तिच्यातल्या नव्या पाट्या (दृश्यांच्या मध्ये पडद्यावर येणारा लिखित मजकूर) आणि तिच्यावर बसवलेले संगीत यांचे हक्क वेगळे असू शकतात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. भारतीय मूकपटांच्या प्रतीसाठी आधी तेथेच लेखी अर्ज करावा आणि खेळाच्या अटी लेखीच घ्याव्यात. प्रतीवर आधीचे संगीत असेल तर ते रचनेच्या काळात एकदाही ऐकू नये. ऐकलेले संगीत कानातून जात नाही, आणि नकळत आपली रचना त्याच्या वळणावर जाते.

आता प्रतीच्या बाबतीतली सर्वांत महत्त्वाची सूचना. ज्या फाइलवर रचना करायची तीच फाइल खेळाच्या दिवशी दाखवायची. दुसरी कोणतीही नाही. याचे कारण मूकपटांच्या गतीत आहे. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चौकटी (फितीवरची एकेक चित्रे) ही गती ठरून गेली, पण त्याआधी कॅमेरा बहुधा हाताने फिरवला जाई, आणि चित्रपट सेकंदाला १६ पासून २४ चौकटींपर्यंत कोणत्याही गतीने घेतला व दाखवला जात असे. ३५ मिलिमीटरच्या फितीत एका फुटाला १६ चौकटी असतात; म्हणजे हजार फुटांचे रीळ १६ चौकटींच्या गतीने सुमारे पावणेसतरा मिनिटे चालते आणि तेच २४ च्या गतीने अकरा मिनिटांत संपते. इंटरनेटवर मिळणारी प्रत एका गतीने उतरवलेली असते, संग्रहालयाची दुसऱ्या. १८ चौकटींच्या गतीने तासभर चालणारा चित्रपट २४ च्या गतीने ४५ मिनिटांत आटोपतो. अशा वेळी महिनाभर मोबाइलवरच्या प्रतीवर तालीम केलेला संच नाट्यगृहात दुसरी प्रत लागल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच उघडा पडतो. म्हणून फाइल मिळाल्याबरोबर तिची एकूण लांबी मिनिट-सेकंदांसह वहीच्या पहिल्या पानावर लिहावी आणि प्रत्येक वादकाला तीच फाइल द्यावी.

पाहणे आणि नोंदवही

पहिल्या आठवड्यात वाद्याला हात लावू नये. संचातल्या सर्वांनी एकत्र बसून चित्रपट आवाज बंद ठेवून पाहावा, मग प्रत्येकाने एकट्याने पाहावा, आणि नंतर कोणीतरी एकाने नुसती टाळी देत पाहावा. टाळी देऊन पाहण्याचा उपयोग मोठा आहे: दृश्याची स्वतःची लय असते, ती पात्रांच्या चालण्यात, दृश्ये बदलण्याच्या अंतरात आणि पाट्या किती वेळ टिकतात यांत असते, आणि ती हाताला आधी कळते, डोळ्यांना नंतर.

त्यानंतर नोंदवही करावी. उभे चार रकाने पुरतात: वेळ, पडद्यावर काय, आपण काय वाजवायचे, आणि ते कोणत्या खुणेवर थांबवायचे. चौथा रकाना बहुतेक संच विसरतात, आणि खेळ बिघडतो तो तेथेच. समजा एका दृश्यात बाई आरशासमोर बसली आहे, नंतर ती उठते, मग दार उघडते. ‘दार उघडल्यावर थांबा’ असे लिहिले तर संगीत नेहमी उशिरा थांबते, कारण दार उघडलेले दिसल्यावर मेंदूने हाताला सांगेपर्यंत अर्धा सेकंद जातो. ‘बाई उठली की शेवटचे वाक्य, दार हलले की शांत’ असे दोन टप्प्यांत लिहावे. आधीची खूण तयारीची, दुसरी कृतीची. घड्याळाची वेळ केवळ शोधायला सोपे जावे म्हणून लिहायची. खेळाच्या वेळी कोणीही घड्याळ पाहू नये, पडदाच पाहावा.

वहीत एकेका दृश्याला नाव द्यावे, ‘दही’, ‘डोह’, ‘काठ’ असे एकेका शब्दाचे. तालमीत ‘सतराव्या मिनिटापासून घ्या’ म्हणण्यापेक्षा ‘काठापासून घ्या’ म्हणणे जलद पडते आणि संचाची भाषा एक होते.

रचना

पूर्ण चित्रपटासाठी चाळीस वेगवेगळ्या चाली बांधण्याची गरज नाही. तीन किंवा चार छोटे सूरसमूह पुरतात, प्रत्येकी पाच-सहा स्वरांचे, आणि ते ओळखू येतील एवढे साधे असावेत. बाळकृष्णासाठी ‘प ध सां, ध प ग’ एवढाच एक तुकडा घेतला आहे असे समजू. खोड्या काढताना तो मध्य लयीत पेटीवर, लग्गीच्या, म्हणजे हलक्या चपळ ठेक्याच्या, अंगाने वाजतो. यशोदेसमोर तोच व्हायोलिनवर संथ येतो. आणि कृष्णाने यमुनेत उडी घेतल्यावर तोच तुकडा, तेच स्वर, फक्त शुद्ध धैवताच्या जागी कोमल धैवत. बाकी काही बदलायचे नाही. श्रोत्याला स्वरज्ञान असो वा नसो, ओळखीच्या चालीत काहीतरी बिनसले आहे एवढे त्याच्या कानाला कळते, आणि भीतीसाठी वेगळा गडगडाट करावा लागत नाही. सांगलीतल्या प्रेक्षकांत स्वरज्ञान असलेले पुष्कळ असतात. त्यांना हा एका स्वराचा फरक फार आवडतो.

येथे आपल्या भागासाठी एक विशेष पथ्य आहे. चाल खरोखर नवी असावी, आणि एखाद्या नाट्यपदाची, अभंगाची किंवा चित्रपटगीताची सावलीही तिच्यावर पडू नये. ओळखीचे पद ऐकू आले की अर्धे नाट्यगृह मनात शब्द गाऊ लागते आणि पडद्यावरचे लक्ष उडते. रागाच्या निवडीतही तीच काळजी घ्यावी. एखाद्या रागातले एकच गाणे सर्वांच्या तोंडी असेल तर त्याची पकड, म्हणजे त्या रागाची उघड ओळख देणारे स्वर, टाळावेत, आणि अमुक राग म्हणजे करुण, तमुक म्हणजे वीर अशी ठोकळेबाज वाटणी तर मुळीच करू नये. करुण रस पुष्कळदा लयीतून आणि वाक्यांमधल्या अंतरातून येतो.

सर्वांत जास्त विचार मागणारी जागा म्हणजे आलटून पालटून येणारी दृश्ये. ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण पाण्याखाली कालियाशी झुंजतो आणि मधूनमधून चित्र काठावर येते, जेथे गोकुळातली माणसे व्याकूळ होऊन डोहाकडे पाहत आहेत. नवा संच हमखास असे करतो की पाण्याखालच्या दृश्याला ढोलकी-हलगी आणि काठाच्या दृश्याला व्हायोलिन, आणि चित्र बदलेल तसे संगीत बदलत राहते. परिणामी दोन्ही तुटक होतात आणि प्रेक्षकाला संगीताचे सांधे दिसू लागतात. अशा जागी आधी ठरवावे की आपण कोणाबरोबर उभे आहोत. माझे मत असे की काठावर उभे राहावे. सर्व वेळ काठाचेच संगीत चालू ठेवावे, लांबलेला षड्ज आणि त्यावर अस्वस्थ, अपुरी राहणारी वाक्ये. पाण्याखालची झुंज त्याच संगीतावर दिसू द्यावी. झुंजीला स्वतःची गती आहेच, तिला ढोलकीची गरज नाही. यशोदेची घालमेल मात्र आपण सांगितल्याशिवाय तेवढी पोहोचत नाही. मग कृष्ण फण्यावर उभा राहतो तेव्हा प्रथमच पखवाज आणि झांज येऊ द्यावी. ती वाद्ये आधी एकदाही वाजलेली नसावीत. आणि धैवत तेथेच पुन्हा शुद्ध व्हावा.

विनोदी चित्रपटाचे नियम थोडे वेगळे आहेत. ‘वन वीक’च्या अखेरीस नवविवाहित जोडप्याचे घर ओढून नेताना रेल्वेच्या रुळांवर अडकते, गाडी येताना दिसते, दोघे डोळे झाकून घेतात आणि गाडी शेजारच्या रुळांवरून निघून जाते. दोघे सुटकेचा श्वास टाकतात तोच उलट दिशेने दुसरी गाडी येऊन घराचा चुराडा करते. हा विनोद पूर्णपणे दुसऱ्या गाडीच्या अनपेक्षितपणावर उभा आहे. वादकांना शेवट ठाऊक असतो, म्हणून पहिली गाडी गेल्यावर त्यांचे हात आपोआप ताण टिकवून ठेवतात, आणि हुशार प्रेक्षक तेवढ्यावरून सावध होतो. तेथे संगीताने पूर्ण विश्वासाने समाप्तीकडे जावे, अगदी शेवटची सम घेतल्यासारखे व्हावे, आणि दुसऱ्या गाडीच्या धडकेला काहीही वाजवू नये. धडकेनंतर दोन सेकंद शांतता ठेवून मगच सुरुवातीची चाल पुन्हा हळूच आणावी. प्रेक्षकांच्या हसण्यासाठी जागा ठेवणे हे रचनेचेच काम आहे. हशा चालू असताना वाजवलेले नाजूक वाक्य वाया जाते.

त्याच कारणासाठी प्रत्येक पावलाला टप्पा, प्रत्येक धक्क्याला झांज, प्रत्येक पडण्याला उतरता सूर असे करू नये. एकदा केले तर गंमत वाटते, दहाव्यांदा पडद्यावरचा माणूस बाहुला वाटू लागतो. संपूर्ण चित्रपटात अशा तीन किंवा चार जागा निवडाव्यात आणि त्या अचूक घ्याव्यात.

तिहाईने जागा गाठणे

पडद्यावरच्या एखाद्या क्षणी नेमके पोहोचायचे असेल तर आपल्याकडे तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणे, हे तयार साधन आहे, आणि ते वापरण्याची रीत थोडी गणिताने समजून घ्यावी. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते, म्हणजे सोळा मात्रांच्या त्रितालाचे आवर्तन आठ सेकंदांचे. समजा पाटी गेल्यापासून बरोबर २२ सेकंदांनी मडके फुटते. २२ सेकंदांत ४४ मात्रा बसतात. दोन आवर्तनांच्या ३२ मात्रा वजा केल्या तर १२ उरतात. म्हणून पाटी जाताच ठेका समेपासून न उचलता पाचव्या मात्रेपासून उचलावा, म्हणजे पहिले अपुरे आवर्तन १२ मात्रांचे होते, नंतर दोन पूर्ण आवर्तने होतात आणि त्यांच्या पुढची सम मडक्यावर येते.

शेवटच्या आवर्तनात पाचव्या मात्रेपासून तिहाई घ्यावी: तीन मात्रांचा बोल, ज्याच्या तिसऱ्या मात्रेवर ‘धा’ आहे, मग दोन मात्रा रिकाम्या, पुन्हा तोच बोल, पुन्हा दोन मात्रा रिकाम्या, आणि तिसऱ्यांदा तोच बोल. पहिला बोल पाच, सहा, सातव्या मात्रेवर, दुसरा दहा, अकरा, बारावर, तिसरा पंधरा, सोळा आणि समेवर. शेवटचा ‘धा’ आणि मडके एकाच वेळी.

कागदावर हे सोपे आहे, पण माणसाची लय घड्याळासारखी स्थिर राहत नाही, आणि २२ सेकंदांत अर्धा सेकंद इकडे-तिकडे होतोच. म्हणून पडद्यावर मडके फुटण्याच्या सहा सेकंद आधी घडणारी एखादी ठळक गोष्ट शोधावी, जसे कोणाचा तरी हात वर जाणे, आणि तिहाई मात्रा मोजून न उचलता त्या खुणेवर उचलावी. सहा सेकंद म्हणजे बारा मात्रा. त्या वेळी ठेका आवर्तनात कोठेही असला तरी चालेल, त्या क्षणाला पाचवी मात्रा मानायचे. मैफलीत हे अशास्त्रीय ठरेल. येथे मात्र सम पडद्यावर आहे, तबल्यावर नाही. आणि अशी तिहाई एका चित्रपटात दोनदाच, फार तर तीनदा घ्यावी. तिसऱ्या तिहाईनंतर प्रेक्षक पडदा सोडून तबलजीची वाट पाहू लागतो.

वाद्ये, पट्टी आणि बसण्याची व्यवस्था

चांगल्या संचात एक स्वर धरून ठेवणारे वाद्य, एक गाणारे वाद्य, एक तालवाद्य आणि एक किरकोळ ध्वनींचा माणूस असावा. पेटी किंवा ऑर्गन, व्हायोलिन किंवा क्लॅरिनेट, तबला-ढोलकी, आणि चौथ्याकडे झांज, चिपळ्या, घुंगरू, टुणटुणे, डफ. जुन्या संगीत नाटकांतला पायाने भाता मारण्याचा ऑर्गन मिळाला तर अवश्य घ्यावा, कारण त्यात दोन्ही हात सुरांसाठी मोकळे राहतात आणि लांब स्वर न तुटता धरता येतो. गायक नसल्यामुळे पट्टी, म्हणजे पेटीवरची जी पट्टी षड्ज मानायची ती, वाद्यांच्या सोयीने निवडता येते. क्लॅरिनेट असेल तर वादकाला विचारूनच पट्टी ठरवावी, कारण काळी एक त्याला अवघड जाते आणि पांढरी चार किंवा काळी पाच सोपी.

मिरजेचा तंबोरा जवळ असताना तो वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि नीट जवारी लावलेल्या (नाद घुमावा म्हणून घोडी घासून बसवलेल्या) तंबोऱ्याचा नाद मोठ्या पडद्यासमोर फारच सुंदर लागतो. तरी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवत ठेवू नये. सतत चालू असलेला नाद पाच मिनिटांनी कानाला ऐकू येईनासा होतो. एखाद्या मोठ्या दृश्याच्या आधी तो सुरू करावा आणि नेमक्या क्षणी हाताने तारा दाबून बंद करावा. तो थांबल्याचा परिणाम तो वाजण्यापेक्षा अधिक होतो. हलगी आणि संबळ ही वाद्ये मोकळ्या मैदानासाठी आहेत. बंद नाट्यगृहात हलगी घ्यायचीच असेल तर कातड्यावर कापडाची घडी ठेवून हलक्या हाताने वाजवावी.

संचाने पडद्याच्या एका बाजूला, प्रेक्षकांच्या आसनांच्या पातळीवर, पडद्याकडे तिरके तोंड करून बसावे. रंगमंचावर पडद्याखाली बसले तर मान वर करून चित्र वाकडे दिसते आणि प्रेक्षकांना वादकांच्या हालचाली दिसत राहतात. वहीसाठीचे दिवे पिवळसर, झाकलेले आणि पडद्यावर उजेड न पडेल असे असावेत. पांढऱ्या दिव्याचा एक कवडसासुद्धा पडद्यावरचा काळा रंग मारतो. इशारा कोणी द्यायचा हे आधी ठरवावे. संगीत नाटकात ऑर्गनवादक संचाला सांभाळतो, पण येथे त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. म्हणून किरकोळ वाद्ये वाजवणाऱ्याने इशारा द्यावा, कारण त्याला सर्वांत जास्त वेळ मोकळा असतो आणि त्याची नजर सतत पडद्यावर राहू शकते. या जागेवर संचातला सर्वांत अनुभवी माणूस बसवावा, ती दुय्यम समजून नवशिक्याला देऊ नये.

पावसाळ्यात खेळ असल्यास तबल्याचा विचार स्वतंत्र करावा. कृष्णाकाठच्या दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्याचे कातडे, ढिली पडते आणि वातानुकूलित नाट्यगृहात तासाभरात पुन्हा चढते. दोन तबले, दोन्ही लावलेले, जवळ ठेवावेत. मूकपट चालू असताना हातोडीचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो.

पाट्या कोण वाचणार

इंग्रजी पाट्या असलेल्या चित्रपटासाठी मराठी वाचक ठेवणे मला आवश्यक वाटते. शाळकरी मुले आणि वडीलधारी माणसे प्रेक्षकांत असतील तर मराठी पाट्यांसाठीही त्याचा उपयोग होतो. सांगलीत स्वच्छ उच्चारांच्या नटांची कमतरता नाही. पण वाचकाने अभिनय करू नये. पाटी आली की एक क्षण थांबून, साध्या आवाजात, पाटी जाण्याआधी वाक्य संपवावे. अनुवाद त्यासाठी मूळ मजकुराहून आखूड करावा लागतो आणि तो पाटीच्या वेळेत मोठ्याने वाचून तपासावा लागतो. संगीताने वाचनाच्या वेळी गाणारे वाद्य थांबवावे आणि नुसता स्वर धरून ठेवावा. वाचकाचा माइक आणि वाद्यांचे माइक यांचा आवाज तालमीतच ठरवून घ्यावा.

तालमी आणि खेळ

पहिल्या तालमी दृश्य-दृश्य घ्याव्यात, नंतर चित्रपट न थांबवता सलग. सलग तालमीत चूक झाली तरी कोणीही थांबू नये, आणि हा नियम कडक पाळावा, कारण हरवलेला संच पुन्हा जागेवर कसा येतो याचीही तालीम झाली पाहिजे. त्यासाठी दर तीन-चार मिनिटांनी एक भेटीची जागा ठरवावी, बहुधा एखादी पाटी, जेथे सर्वांनी काहीही झाले तरी षड्जावर एकत्र यायचे. निदान एक तालीम खेळाच्याच सभागृहात, त्याच प्रोजेक्टरवर व्हावी. चित्राची चौकट मूळ ४:३ प्रमाणातच राहिली पाहिजे. रुंद पडदा भरावा म्हणून ताणलेले चित्र माणसांना बुटके करते, तेव्हा दोन्ही बाजूंना काळी जागा राहू द्यावी.

फाइल लॅपटॉपमध्ये उतरवलेली असावी, इंटरनेटवरून चालवू नये, आणि लॅपटॉपवरच्या सर्व सूचना बंद असाव्यात. चित्रपटाच्या आधी दहा सेकंद कोरी काळी चौकट जोडून घ्यावी, म्हणजे सुरुवात घाईची होत नाही. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यूपीएसवर ठेवावेत. तरीही वीज गेलीच तर संगीत थांबवू नये: त्यासाठी एक स्वतंत्र चाल बांधून ठेवावी, जी माइकशिवाय वाजेल आणि कितीही वेळ लांबवता येईल. चित्र परत आल्यावर जवळच्या भेटीच्या जागेपासून पुढे जावे. ख्यालाची विस्ताराची हौस ज्यांना आवरावी लागली, त्यांना त्या वेळी मोकळीक देण्यास हरकत नाही.

शेवटची पाटी आल्यावर संगीत लगेच तोडू नये आणि लांबवूही नये. पाटी पडद्यावरून जाईपर्यंत शेवटचा स्वर धरावा आणि तिच्याबरोबर सोडावा. संपूर्ण खेळाचे ध्वनिमुद्रण करावे, प्रेक्षकांच्या हशा-टाळ्यांसकट. दोन दिवसांनी ते चित्रपटाबरोबर लावून सर्वांनी एकत्र ऐकावे, प्रेक्षक कोठे हसले आणि कोठे खोकू लागले हे नोंदवहीत लाल पेनने लिहावे, आणि जेथे खोकले त्या जागेचे संगीत दुसऱ्या खेळाआधी निम्मे करावे.